पहाटे पाचची रांग : आपल्या भागाचा अभ्यास आपणच कसा करायचा

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका वस्तीत सार्वजनिक शौचालयाची पाहणी करायला गेले होते. सकाळी आठची वेळ, हातात छापील तक्ते, गळ्यात ओळखपत्र. रांग म्हणावी अशी काही नव्हतीच. चार बायका, दोन पोरं. मी तक्त्यात लिहिलं, थांबण्याचा वेळ तीन मिनिटं. निघताना नळावर भांडी घासणाऱ्या एका मावशींनी विचारलं, "काय लिवलं ताई?" मी वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आमची रांग पाचला असती. सहाची बस गाठायची असती कामावरच्या बायांना. आठला येणाऱ्याला आमी दिसणारच न्हाई."

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला पोचले. अंधार, प्रत्येकीच्या हातात बादली, कुणाच्या कडेवर झोपलेलं मूल. बायकांच्या बाजूला दहा शौचकूपं, त्यातल्या तिघांना कुलूप, एकाला आतून कडी नाही. त्या कडी नसलेल्या दारासमोर एक मुलगी पाठ टेकून उभी होती, आत तिची आई. माझ्या घड्याळात सगळ्यात जास्त थांबावं लागलं ते पस्तीस मिनिटं. आदल्या दिवशीचा तक्ता मी फाडला नाही. दोन्ही शेजारी शेजारी लावून ठेवले आहेत, नव्या मुलामुलींना शिकवताना तेच आधी दाखवते.

तेव्हापासून कुठलीही पाहणी आखताना पहिल्यांदा स्वतःला विचारते, की या वेळी, या जागी मी उभी राहिले तर कोण दिसणार नाही? शहर नियोजनाचं शिक्षण घेतलेल्या माणसालाही हा प्रश्न सहज सुचत नाही. तो वस्तीत राहणाऱ्याला सुचतो. म्हणून हे लिहितेय ते विद्यार्थ्यांसाठी आहेच, पण त्याहून जास्त बचत गटातल्या ताईंसाठी, मंडळाच्या पोरांसाठी आणि निवृत्तीनंतर ज्यांच्याकडे वेळ आणि तळमळ दोन्ही आहे अशा काका-काकूंसाठी. सामान फार लागत नाही. पाच मीटरची टेप, खडू, घड्याळ, जाड पुठ्ठ्याची वही. मोबाइल आहेच.

प्रश्न लहान करा

"आमच्या भागात सोयी नाहीत" ही तक्रार झाली. अभ्यासाला प्रश्न लागतो, आणि तो मोजता आला पाहिजे. "शाळा सुटल्यावर मुख्य रस्ता ओलांडायला तिसरीतल्या मुलाला किती वेळ थांबावं लागतं?" "दवाखान्याच्या बसथांब्यावर बसायला जागा आहे का, सावली किती वाजेपर्यंत असते?" "आमच्या वस्तीत एका शौचकुपामागे किती बायका आहेत?"

हा शेवटचा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर सरकारच्याच मापाशी ताडून पाहता येतं. स्वच्छ भारत अभियानाच्या मापदंडात सामुदायिक शौचालयात 25 बायकांमागे एक आणि 35 पुरुषांमागे एक शौचकूप धरलेलं आहे. वस्तीत तीनशे बायका असतील तर बारा लागतात. दहा आहेत, त्यातली तीन बंद आहेत, म्हणजे चालू सात. आता हे वाक्य कुठल्याही अधिकाऱ्यासमोर ठेवता येतं. "फार हाल होतात हो" यापेक्षा "बारा हवीत, सात चालू आहेत, बंद तिघांचे फोटो आणि तारखा सोबत" याला उत्तर देणं भाग पडतं.

एका वेळी एकच प्रश्न घ्या. पाणी, कचरा, रस्ते, दिवे सगळं एकदम हाती घेतलं की वही भरते आणि निष्कर्ष निघत नाही. मी स्वतः दोनदा या चुकीत सापडले आहे.

आधी कागद, मग रस्ता

बाहेर पडण्याआधी आपल्या भागाचे कागद बघून घ्या. सगळ्यात महत्त्वाचा म्हणजे शहराचा विकास आराखडा, ज्याला सगळे डीपी म्हणतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्याखाली तो तयार होतो. आपल्या भागाची शीट पालिकेच्या संकेतस्थळावर किंवा नगररचना विभागात मिळते. तिच्यावर आपलं घर शोधा, मग आसपासची आरक्षणं, म्हणजे सार्वजनिक सोयींसाठी राखून ठेवलेल्या जागा, शोधा. बाग, खेळाचं मैदान, प्राथमिक शाळा, दवाखाना, भाजी मंडई. आता चालत जाऊन प्रत्येक आरक्षणाच्या जागी आज काय उभं आहे ते लिहा. एवढं एक काम एका रविवारी होतं, आणि ते बहुतेक ठिकाणी कुणीच केलेलं नसतं.

हे इतकं आग्रहाने सांगण्याचं कारण याच कायद्यातलं कलम 127. आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली गेली नाही, तर जमीनमालक पालिकेला "ही जागा विकत घ्या" अशी खरेदीची सूचना देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत पालिकेने ती घेण्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप उठतं. म्हणजे मुलांचं मैदान नकाशावरून जायला कुणी वाईट निर्णय घ्यावा लागत नाही. कुणी लक्ष ठेवलं नाही एवढंच पुरतं. बंगल्यांच्या भागात लक्ष ठेवणारे वकील असतात. चाळीत आणि वस्तीत ते काम तुम्हाला करायचंय. आरक्षणांची यादी, आराखडा मंजूर झाल्याची तारीख आणि दहा वर्षं कधी भरतात, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

जे मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागा. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' हा अर्जाचा नमुना, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क नाही, फक्त पुरावा जोडायचा. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, नाहीतर तेवढ्यावरून परत येऊ शकतो. "का" असं विचारू नका, कागद मागा. "आमच्याकडे फुटपाथ का नाही?" याचं उत्तर जन माहिती अधिकारी देणार नाहीत. "अमुक रस्त्यावरील पदपथाच्या कामाचा मागील तीन वर्षांचा कार्यादेश, मोजमाप वही व देयकांच्या प्रती" असं लिहा. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील.

जनगणनेचे आकडे जरूर वापरा, पण काय विचारलं होतं ते पाहून. 2011 च्या जनगणनेत लोक कामावर कसे जातात याचा तक्ता आहे, चालत, सायकलने, बसने. वाहतुकीच्या अहवालांत तो वरचेवर येतो. तो प्रश्न कमावत्या कामगारांनाच होता, आणि त्यातूनही शेती व घरगुती उद्योगातले वगळून. पोराला शाळेत सोडून, रेशन घेऊन, सासूबाईंना दवाखान्यात नेऊन घरी परतणारी बाई दिवसातून चार फेऱ्या करते, आणि त्या तक्त्यात तिची एकही फेरी नाही. मग आराखड्यात रुंद होतो तो कंपनीकडे जाणारा रस्ता. शाळा, दुकान आणि दवाखाना यांच्यामधली गल्ली जशी होती तशीच राहते.

टेप जमिनीला टेकवा

फुटपाथ मोजायचा म्हणजे त्याची रुंदी मोजायची नाही, चालायला उरलेली जागा मोजायची. यात सगळ्यांचा घोटाळा होतो, म्हणून सविस्तर सांगते.

रस्त्यांची मापं ठरवून देणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या 103 क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत निवासी भागात किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी आणि वर 2.2 मीटर मोकळी उंची सांगितली आहे. 1.8 अशासाठी की दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर जाता यावं. फुटपाथची कड 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नको. आता तुमच्या फुटपाथवर दर दहा मीटरला खडूची खूण करा आणि प्रत्येक खुणेपाशी सगळ्यात अरुंद जागा मोजा. झाडाचा पार, विजेची डीपी (आमच्याकडे डीपी म्हटलं की निम्म्या लोकांना ही पेटीच आठवते), मोडकी फरशी, दुकानाची पायरी, लावलेली बाइक. एका रस्त्यावर आम्ही असं मोजलं. कागदावर फुटपाथ दोन मीटरचा. विजेच्या पेटीपाशी टेप लावली तर सत्तर सेंटिमीटर. आम्ही मोजत असतानाच काठी टेकत एक आजोबा आले, पेटीपाशी थांबले, मागे बघितलं, हळूच रस्त्यावर उतरले, चार पावलं गाड्यांच्या बाजूने चालले आणि पुन्हा वर चढायला गेले. कड गुडघ्याच्या जरा खाली. त्यांना हात दिला मग टेप लावली, 32 सेंटिमीटर. ते म्हणाले, "रोज हे असंच. म्हणून मी बागेत जाणं सोडलं, नुसता दुधाला येतो." तो दोन मीटरचा फुटपाथ त्या आजोबांसाठी अस्तित्वातच नव्हता. सरासरी काढली असती तर दीड मीटरच्या पुढे आली असती, आणि अहवालात "समाधानकारक" हा शब्द गेला असता. फुटपाथची सरासरी काढू नका. सगळ्यात अरुंद जागा लिहा, कारण माणूस तिथेच अडतो.

रस्ता ओलांडण्याचंही तसंच. सिग्नलचा हिशेब करताना वाहतूक अभियंते माणसाचा वेग साधारण सेकंदाला 1.2 मीटर धरतात. 18 मीटर रुंद रस्त्याला पंधरा सेकंद. गुडघेदुखी असलेल्या बाई सेकंदाला 0.8 मीटर चालल्या, तर त्यांना साडेबावीस सेकंद लागतात. हिरवा दिवा गेल्यावर त्या अजून सहा मीटर अलीकडे असतात, मधोमध. हे मोजायला घड्याळ आणि पाऊण तास पुरतो. वेगवेगळ्या वयाच्या वीस माणसांचा वेळ लिहा, शेजारी अंदाजे वय, हातात मूल किंवा पिशवी होती का तेही.

वेळा निवडताना आठवड्यातला एक कामाचा दिवस आणि एक सुट्टीचा दिवस घ्या, आणि पहाट, दुपार, शाळेची वेळ, दिवेलागण, रात्री नऊ असे पाच ठोके ठेवा. एक पाहणी मी भर पावसाळ्यात आणि दुसरी एप्रिलमध्ये करते. पथारीवाल्यांची गणना असेल तर हे फारच महत्त्वाचं. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायला सांगितलंय, आणि नगर पथविक्रेता समितीत 40 टक्के सभासद विक्रेतेच असले पाहिजेत, त्यात एक तृतीयांश बायका. सकाळी दोन तास भाजी विकून घरकामाला जाणारी मावशी दुपारी बाराच्या मोजणीत सापडत नाही. यादीत नाव नाही तर विक्रीचं प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर अतिक्रमणाची गाडी आली की टोपली जाते.

पाच ठोके पाळले तर आकड्यांतून काही वेळा असं काही दिसतं की जे कुणी तक्रार म्हणून सांगितलेलं नसतं. व्हिएन्नात 1990 च्या दशकात बागांमध्ये मुलं मोजली, तेव्हा नऊ वर्षांनंतरच्या मुली बागेतून नाहीशा होतात असं लक्षात आलं. मुलगे मोठे मोकळे मैदान व्यापत होते, मुली बाजूला होत होत्या. मग मार्गारेटन भागातल्या बागेची रचना बदलली, वेगवेगळ्या खेळांच्या जागा केल्या, वाटा आणि दिवे सुधारले, आणि मुली परत आल्या. आपल्या बागेत संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा हे करून बघा. बारा ते सोळा वयाचे मुलगे किती, मुली किती, आणि कुठे उभ्या आहेत. क्रिकेटच्या पिचभोवतीच्या कठड्यावर बसलेल्या मुली वेगळ्या रकान्यात घ्या, त्या खेळत नाहीत.

वस्तीत प्रश्न विचारताना

इथे घाई करू नका. "किती वर्षं राहता?" हा प्रश्न तुम्हाला साधा वाटतो. महाराष्ट्रात झोपडीला संरक्षण मिळण्यासाठी 1 जानेवारी 2000 ही तारीख आहे, म्हणून ऐकणाऱ्याच्या पोटात त्या प्रश्नाने गोळा येतो. गरज नसेल तर विचारू नका. विचारलंच तर नावापुढे लिहू नका. घरांना क्रमांक द्या, नावांची यादी करू नका, आणि नकाशाची पहिली प्रत वस्तीतच ठेवा. तुमच्या हातून निघालेला कागद उद्या कुणाच्या टेबलावर जाईल, ते तुमच्या हातात नसतं.

मोजणारे वस्तीतलेच असले तर अर्धं काम सोपं होतं. मुंबईत 1985 मध्ये स्पार्क या संस्थेने भायखळ्याच्या फुटपाथांवर राहणाऱ्यांची गणना केली, तेव्हा ही माणसं शहराच्या कुठल्याच यादीत नीट नव्हती. त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याविरुद्धच्या ओल्गा टेलिस खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण पावसाळ्यानंतर झोपड्या हटवायला मुभाही दिली. निकाल अर्धा बाजूने, अर्धा विरोधात. पुढच्या काळात त्या फुटपाथवरच्या बायकांनी महिला मिलन ही आपली संघटना उभी केली आणि पुनर्वसनाच्या बोलण्यांत त्या स्वतःच्या घरांचे आकडे घेऊन बसल्या.

पुण्यातलं उदाहरण मला त्याहून जवळचं. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना 1993 मध्ये उभी राहिली. बायका कचऱ्यातून किती माल वेगळा काढतात आणि त्यामुळे पालिकेचा वाहून नेण्याचा, विल्हेवाटीचा किती खर्च वाचतो, हे अभ्यासातून मांडलं गेलं. "गरिबांवर दया करा" या भाषेतून विषय बाहेर पडला. त्या शहरासाठी काम करतात आणि ते काम फुकट चाललंय, हे आकड्यांत दिसलं. पालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आरोग्य विम्याचा हप्ता भरला, आणि 2008 मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेबरोबर घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार झाला. आज दाराशी येणारी ताई त्या हिशेबाच्या जोरावर उभी आहे.

नकाशाचंही असंच. पुण्यातल्या शेल्टर असोसिएट्सने वस्त्यांचे घरनिहाय नकाशे केले, ड्रेनेजच्या वाहिन्या कुठून जातात ते त्यावर दाखवलं. "इथे घरात संडास शक्यच नाही" असं म्हटलं जातं तिथे वाहिनी दाराजवळून गेलेली दिसली की बोलणंच बदलतं. पुण्यात, सांगलीत, कोल्हापुरात घरोघरी शौचालयं झाली त्यामागे हे नकाशे आहेत. तुमच्याकडे सॉफ्टवेअर नसेल तर चार्ट पेपरवर काढा. गल्ली, चेंबर, नळ, दिवा, संडास. बायकांना वाचायला द्या. पहिल्या दहा मिनिटांत दोन चेंबर चुकलेले सापडतात.

पोचवायचं कधी आणि कसं

चांगला अभ्यास चुकीच्या महिन्यात दिला तर कपाटात जातो. दोन तारखा ध्यानात ठेवा.

पहिली अंदाजपत्रकाची. पुण्यात 2006 पासून नागरिकांना आपल्या भागातली लहान कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात मिळतो. तुमच्या शहरात अशी सोय नसेल तर नगरसेवक, प्रभाग समिती आणि आयुक्त तिघांनाही दिवाळीच्या आधी द्या. त्यानंतर आकडे ठरायला लागतात.

दुसरी विकास आराखड्याची. नवा आराखडा साधारण वीस वर्षांनी येतो. प्रारूप, म्हणजे कच्चा आराखडा, जाहीर झालं की कलम 26 नुसार हरकती-सूचनांसाठी मोजकीच मुदत मिळते, मग नियोजन समितीपुढे सुनावणी. तेवढ्यात पाहणी होत नाही, म्हणून ती आधीच तयार हवी. विद्यमान जमीन वापराचा, म्हणजे आज कुठल्या जागेवर काय आहे ते दाखवणारा, नकाशा त्याच्याही आधी होतो, आणि खरी चूक तिथेच शिरते. तुमचं मैदान त्यावर "मोकळी जागा" म्हणून आलं किंवा वस्ती आलीच नाही, तर पुढचं सगळं त्यावरच रचलं जातं. मुंबईचा 2034 पर्यंतचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी 2015 मध्ये आला, त्यात चुका इतक्या निघाल्या की एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो नव्याने करायला लावला. 2018 मध्ये मंजूर झालेल्या आराखड्यात नोकरदार महिलांसाठी निवास, बेघरांसाठी निवारा अशी आरक्षणं आहेत. महिला संघटनांनी आधीची काही वर्षं हेच लावून धरलं होतं. पुण्यात 2013 च्या प्रारूपावर सुमारे 87 हजार हरकती-सूचना आल्या.

एवढ्या ढिगात आपलं पान उठून दिसावं यासाठी एक पान पुरे. वर शीट क्रमांक आणि आरक्षण क्रमांक. मग एक वाक्य मागणीचं. मग तीन आकडे, प्रत्येकापुढे तारीख आणि वेळ. एक नकाशा, दोन फोटो. एकच मजकूर छापून शंभर सह्या घेण्यापेक्षा दहा जणींनी आपापल्या गल्लीचं माप घेऊन दहा वेगळी पानं दिलेली मला जास्त उपयोगी वाटतात. सुनावणीला दोन-चार मिनिटं मिळतात, तिथे मोजणाऱ्या बाईनेच बोलावं. मी एकदा आमच्या पहाटेच्या रांगेतल्या मावशींना पुढे केलं. त्यांनी वही उघडली, बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "पाच वाजून दहा मिनिटं, सव्वीस बाया, सात दारं. साहेब, मोजा." साहेबांनी पेन काढलं.

अर्ज दिल्यावर आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. पोचेचा फोटो काढा, मूळ प्रत प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये वस्तीतल्याच एका घरी ठेवा. आणि काम झालं म्हणून सांगितलं गेलं की त्याच जागी, त्याच वेळी, त्याच टेपने पुन्हा मोजा. त्या शौचालयाला नवी दारं बसली, आतून कड्या लागल्या, पण पाण्याची टाकी रात्री भरते आणि सहाला संपते असं मावशींनी परवा फोनवर सांगितलं. सोमवारी पावणेपाचला जातेय.